शेऱ्याचा रकाना

नकाशाच्या ऑफिसात त्याला सगळे रंगारी म्हणत. भिंती रंगवणारा नव्हे, जमिनीचे नकाशे रंगवणारा. जो भाग वाट्याला येईल तो आधी पायाखाली घालायचा. कुठे नुसतं गवत, कुठे काटेरी झुडपं, कुठे दाट झाडी, कुठे पाणथळ, ते बघायचं आणि कागदावर ज्याचा त्याचा रंग भरायचा. गवताला पिवळा, झाडीला हिरवा, पाण्याला निळा. पुढे टॅब आले, रंगांच्या जागी आकडे आले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ऑफिसातली तरणी मंडळी म्हणायची, पानात भाजी पडली तरी रंगारी आधी ती कुठल्या प्रकारात मोडते ते ठरवतो आणि मगच घास घेतो. तोही हसायचा. बायको मात्र म्हणायची, त्यात खोटं काय आहे?

त्याच्याजवळ एक लोखंडी चौकट होती, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. रानात गेलं की डोळे मिटून ती खांद्यावरून मागे फेकायची, आणि पडेल तिथे गुडघ्यांवर बसून आतली रोपं मोजायची. डोळे उघडे ठेवले तर हात आपसूक बऱ्या जागेकडे जातो, असं त्याचं म्हणणं. फेकताना तो मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचा. जागा आपण निवडायची नाही, त्याला निवडू द्यायची.

असा हा माणूस. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कामचुकारपणाचा ठपका नाही. आणि तरी जे व्हायचं ते त्याच्याच हातून झालं.

त्याची थोरली बहीण, अक्का, शहराबाहेरच्या माळाच्या कडेला राहायची. नवरा जाऊन वर्षं झाली होती. घर दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीत चटईचा माग आणि मागच्या खोलीत बाकी सगळं. माळावर लव्हाळा उगवायचा. तो कापायचा, वाळवायचा, भिजवायचा आणि विणायचा, यात तिचं वर्ष सरायचं. लांबून बघणाऱ्याला माळ कोरडा ठणठणीत दिसे. पण आत शिरलं की पावलागणिक पाय ओला व्हायचा. जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्याची लहान लहान डबकी होती, कुठलं खोलीएवढं, कुठलं अंगणाएवढं. मध्ये कोरडं गवत, पुन्हा डबकं. सगळी मिळून एकवीस. अक्काला ती पाठ होती. एकाला ती थोरलं म्हणायची, एकाला चिखल्या, एकाला आळशी, कारण त्यातला लव्हाळा सगळ्यात उशिरा उगवायचा.

माळाची पाहणी रंगाऱ्याच्याच वाट्याला आली, तेव्हा अक्काला कोण आनंद झाला. भाऊ तीन दिवस घरी जेवणार म्हणून ती भल्या पहाटे उठली. काठी घेऊन तीच पुढे चालली आणि प्रत्येक डबकं त्याला दाखवत गेली. कुठे रुतशील, कुठे नाही, हे सांगताना तो पुन्हा सात वर्षांचा असल्यासारखी त्याचा दंड धरायची.

आता नियम असा होता की एकरापेक्षा लहान तुकडा नकाशात वेगळा दाखवायचा नाही. आजूबाजूला जे असेल त्यात तो मिळवून टाकायचा. नियम वाईट नव्हता. प्रत्येक झुडूप दाखवायला बसलं तर नकाशा कधी पुरा व्हायचा? पण त्या नियमाने एकवीसही डबकी कोरड्या गवतात गेली. रंगाऱ्याला ते कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर कागदावर शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथे एक ओळ लिहायची, मधून मधून पाणथळ, लव्हाळा आहे, बस. शेवटच्या दिवशी दुपारी दगडावर बसून तो तेच लिहायला गेला होता. पेनाचं टोपण काढलं होतं. तेवढ्यात दारातून अक्काची हाक आली.

"अरे ऊठ आता, जेवण निवतंय."

त्याने टोपण लावलं. जेवून आल्यावर लिहू म्हणाला. जेवणानंतर अक्काने उशी दिली, जरा पडला, उठला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि शहराची बस गाठायची होती. निघताना अक्काने विचारलं, माझी डबकी आली ना रे कागदात? तो म्हणाला, आली की. ऑफिसात गेल्यावर लिहिणारच होता. ऑफिसात दुसऱ्या भागाची घाई होती. कागद सहीनिशी वर गेला, रकाना कोराच राहिला.

चार वर्षांनी अक्काचा फोन आला. माळावर लाल खुंट्या ठोकल्यात, म्हणाली, ट्रक उभे करायला तळ होणार आहे म्हणतात. पुढे म्हणाली, तू त्या ऑफिसातला, बघ जरा.

त्याने बघितलं. परवानगीच्या फायलीत त्याचाच नकाशा लावलेला होता. कोरडा माळ, पाणी नाही, हरकत नाही. खाली त्याची सही, ठसठशीत, जशी तो नेहमी करायचा.

दुरुस्तीचा एक छापील अर्ज असतो. त्यात चुकीचं स्वरूप आणि जबाबदार कर्मचारी असे दोन रकाने असतात. त्याने दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेब त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण माणूस भला. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, फाईल मागवली, नियमाचं पुस्तक काढलं आणि सगळं दोनदा वाचलं.

"सगळे तुकडे एकराच्या आतले?"

"हो साहेब."

"मग तुम्ही नियमानंच केलंय. चूक कुठाय? आणि चूक नाही तर मी दुरुस्ती कशाची करू?"

रंगारी म्हणाला, चूक माझी आहे, मी लिहून देतो, माझ्यावर कारवाई करा. साहेबांनी चष्मा काढला. एवढ्या वर्षांत स्वतःवर कारवाई मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी फाईल पुन्हा चाळली, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "इथं एक ओळ जरी असती ना, तरी मी ती धरून वरती भांडलो असतो."

पाहणी दर सात वर्षांनी होते. तीन वर्षं थांबा, म्हणाले.

तळ बांधणारे कशाला थांबतील? आधी त्यांनी उताराच्या बाजूने लांबच लांब चर खणला, जमिनीतली ओल निथळून जावी आणि ट्रकांची चाकं रुतू नयेत म्हणून. रंगारी रजा टाकून गेला. खणणाऱ्या मशीनपाशी उभा राहिला, मुकादमाशी बोलला. मुकादमाने त्याला पाणी दिलं, सावलीला बसवलं आणि नकाशा दाखवला. तोच नकाशा.

त्या संध्याकाळी त्याने अक्काला सगळं सांगून टाकलं. तिने शिव्या द्याव्यात, निदान पाठ फिरवावी, एवढीच त्याची इच्छा होती. अक्का मागावर बसली होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे मी हाक मारली म्हणून," ती म्हणाली.

"तसं नाही अक्का. मी लिहायला हवं होतं."

"लिहितच होतास ना. मीच उठवलं."

तो पुष्कळ बोलला. नियम सांगितला, बस सांगितली, ऑफिसातली घाई सांगितली. ती मान हलवत राहिली. पण तिच्या मनात जे बसलं ते बसलंच, आणि ते बसवलं आपणच, हे त्याला कळून चुकलं. घरी येऊन तो देवापुढे बसला. काय मागावं हे सुचेना, म्हणून नुसताच बसून राहिला. बायकोने दिवा लावला आणि शेजारी बसली.

पहिल्या उन्हाळ्यात चिखल्या आटलं. दुसऱ्या उन्हाळ्यात थोरलं. अक्का बाजारातून प्लास्टिकची सुतळी आणून विणू लागली. ती बोटांना कापते म्हणायची, तेवढंच.

तीन वर्षांनी पाहणी आली. रंगाऱ्याच्या नोकरीचे पाच महिने उरले होते. साहेबांनी विचारलं, दुसऱ्याला पाठवू का? तो म्हणाला, नको.

तळ माळाच्या एका अंगाला होता, उरलेलं रान तसंच होतं. त्याने डोळे मिटून चौकट फेकली. गवत. पुन्हा फेकली. गवत. दहा वेळा फेकली. आळशीच्या जागी गेला, काठी रोवली, ती खडखडली. डोळे उघडे ठेवून फेकली असती तरी काही बिघडलं नसतं. लव्हाळ्याची काडी कुठे होती? टॅबवर त्याने आकडा भरला, कोरडा माळ. टॅबने मागचा नकाशा काढून ताडून पाहिला आणि हिरवी खूण दाखवली. मागचं आणि आताचं जुळतंय.

त्याच दगडावर तो बसला आणि शेऱ्याचा रकाना उघडला. बोटांना सवय नव्हती, एकेक अक्षर शोधावं लागत होतं. थोरलं, अंगणाएवढं, सात वर्षांपूर्वी पाणी होतं. चिखल्या, खोलीएवढं. आळशी. एकवीसही नावं त्याला येत नव्हती. नऊ झाली आणि तो अडला.

मान वर केली तर अक्का माळाच्या कडेला उभी होती. डोक्यावर ऊन. जेवण कधीचं निवलं असावं. त्याने सगळं सांगितलं त्या संध्याकाळपासून तिने त्याला जेवायला हाक मारलीच नव्हती. अशीच येऊन उभी राहायची, त्याचं होईपर्यंत.

"दहावं कुठलं गं?" त्याने विचारलं.

ती जवळ आली, त्याच्या शेजारी दगडावर टेकली आणि सांगू लागली.