आहेरातलं पँटपीस

तीन वर्षं ते पँटपीस मी कपाटात ठेवलं होतं. धाकट्या मेव्हण्याने त्याच्या मुलीच्या लग्नात मला केलेला हा आहेर: करडं, चकाकणारं पॉलिस्टर. परभणीच्या उन्हात ते घालायचं म्हणजे अंगाला प्लास्टिक गुंडाळायचं. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला असा आहेर? मी भर मांडवात त्याला सुनावलं आणि न जेवता निघालो. तेव्हापासून त्याच्या गावी, पूर्णेला जाणं बंद, माझंही आणि बायकोचंही. तीन भाऊबीजा तिने इथेच काढल्या.

यंदा ऑफिसातल्या चौघांबरोबर हिमालयात ट्रेकला जायचं ठरलं. आयोजकाने यादी पाठवली: पँट हलकी, लवकर वाळणारी, जीन्स नको, सुती तर अजिबात नको. सुती कपड्याला नावं ठेवणारा माणूस तिथेच माझ्या डोक्यात गेला. दुकानात तसली पँट बघितली, किंमत वाचली आणि विक्रेत्याला विचारलं, यात डोंगर पण मिळतो का? तो हसला नाही.

घरी बायकोने ते पँटपीस काढून समोर ठेवलं. "हेच शिवून घ्या. हलकं हाय, लगेच वाळतंय."

मी भडकलो. पण दुकानातली पँट परवडत नव्हती, म्हणून मुकाट्याने टेलरकडे टाकलं.

डोंगरात दुसऱ्याच दिवशी पावसाने झोडपलं. सोबत्यांनी यादी न मानता जीन्स आणल्या होत्या. त्या दोन दिवस ओल्याच राहिल्या. माझी पँट तंबूच्या दोरीवर चहा होईपर्यंत वाळली. मला त्याचाही रागच आला. सोबत्यांनी कापड कुठलं म्हणून विचारलं, तर मी बाजारातलं म्हणून सांगितलं.

परत आल्यावर बायको पँटची घडी घालत होती. मी म्हणालो, "तुझ्या भावाने चुकून का होईना, बरं कापड दिलं."

"त्यानं न्हाई, मी निवडलंय ते. आहेर घ्यायला मीच गेल्ते त्याच्यासंगं. भारी कापड व्याह्यांना ठेव म्हणलं, आपल्या घरात हे चालतंय."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"त्योच म्हणाला, अक्का, तू गप ऱ्हा. दाजी मला एकदाच बोलतील, तुला रोज बोलतील."

मेव्हण्याला मी अजून फोन केलेला नाही. भाऊबीजेला तिची पिशवी घेऊन स्टेशनवर गेलो, पूर्णेच्या गाडीत तिला बसवलं. तुम्ही येता का, असं तिने विचारलं नाही.