झुंबरबाईचा नेम

कुणीही बांधलेली गाठ झुंबरबाई एकदा ओढून बघायची. सकाळी उठल्यावर तिचं पहिलं काम तेच. नवऱ्याने दाव्याला बांधलेली म्हैस, जावेने तोंड आवळून ठेवलेलं भाताचं पोतं, परड्यातला गवताचा भारा. एकेका गाठीला हात लावायचा, एक हिसका द्यायचा आणि पुढे जायचं. गाठ कधी सुटत नसे. म्हणून तिचा हात थांबला, असंही कधी झालं नाही. "सुटली असती मंजी?" एवढंच ती म्हणे.

मावळात पवनेच्या काठाला तिची वाडी होती. नवरा दत्तोबा, आणि भिंतीपलीकडे थोरली जाऊ अंबूबाई. झुंबरबाईला एकच लेक, कस्तुरा. ती नदीपलीकडच्या गावात दिली होती. पलीकडे म्हणजे उन्हाळ्यात दगडांवर पाय ठेवत, लुगड्याचा काठही न भिजवता जाता येईल इतकं जवळ. पण ज्येष्ठात नदी भरली की ती पार दसऱ्यापर्यंत उतरत नसे. नाववाला नाव वर ओढून पालथी घाली. वळसा घालून जावं, तर मधले ओढे नदीसारखेच फुगलेले. चार महिने लेक समोर असायची आणि नसायची.

त्या चार महिन्यांत खबर यायची ती हाकेने. नदी जिथे दोन खडकांमधून आवळून जाते, तिथे कस्तुराचा थोरला दीर कोंडाजी पलीकडच्या काठावर उभा राही आणि तोंडाशी हात धरून ओरडे, "ओ मावशे, समदी खुशाल हायेत." अलीकडून झुंबरबाई विचारी, "कस्तुरा?" तिकडून येई, "बरी हाय." पाण्याच्या आवाजात याहून लांब वाक्य टिकत नसे.

सन सत्तावीसच्या पावसाळ्यात कोंडाजीने दर वेळी 'बरी हाय' असंच सांगितलं. दसऱ्याला पाणी उतरलं आणि कस्तुरा माहेरी आली, तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकत होत्या. अख्खा भाद्रपद ती तापाने पडून होती. केस मुठीमुठीने गेले होते. झुंबरबाईने कोंडाजीला उंबऱ्यावरच गाठलं.

"बरी हाय म्हनत व्हतास न्हवं?"

"मंग काय सांगायचं, मावशे?" कोंडाजी हसत म्हणाला. "पडलीया म्हनलं असतं, तर तुमी काय नदी पिऊन येनार व्हता?"

दत्तोबाही हसला. कस्तुरा खाली बघत राहिली. झुंबरबाईने कोंडाजीच्या पुढ्यात भाकरी वाढली. पण त्या दिवसापासून 'खुशाल' हा शब्द तिच्या कानात खोटा वाजायला लागला.

त्या वाडीत चैत्रपाडव्याला एक रीत होती. गुढी उभारून झाली, कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर चावून झाला, की जो तो गुढीपुढे डोळे मिटून नव्या वर्षाचा आपला नेम धरी. नेम कुणाला सांगायचा नसे. सांगितला की तो फळत नाही, अशी समजूत. दत्तोबाचा नेम मात्र सगळ्यांना ठाऊक असे, कारण तंबाखूची चंची तो सकाळी आढ्याला खोचून ठेवी आणि गुढी उतरवताना तोच हात आढ्याकडे जाई. अंबूबाई म्हणे, "भावजींचा नेम गुढीसंगंच उतरतो."

त्या पाडव्याला झुंबरबाई गुढीपुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. येत्या पावसाळ्यात आपण आपल्या पायांनी, आपल्या हातांनी नदी ओलांडून लेकीच्या दारात जायचं आणि डोळ्यांनी बघायचं, हा तिचा नेम होता. तिला पोहता येत नव्हतं. चाळिशी जवळ आली होती. वाडीतली कुठलीही बाई पोहत नसे.

चैत्र-वैशाखात पवना तुटून तुटून डोहांपुरती उरते. वाडीखालच्या डोहावर करंजाची दाट सावली होती. दुपारी माणसं आणि जनावरं सावलीला पडली, की झुंबरबाई धुण्याची बुट्टी घेऊन तिकडे जायची. बुट्टीत धुण्याखाली दोन वाळके भोपळे असायचे. विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना बांधतात तसे ते काखेखाली बांधायचे, आणि म्हशी पाण्यात पाय कशा मारतात ते आठवत आपणही मारायचे. पहिले कितीक दिवस ती तिथल्या तिथे गोल फिरली. नाकातोंडात पाणी जाई. काठाला येऊन ती खोकत बसे, आणि खोकता खोकता पलीकडे बघे.

घरात त्या भोपळ्यांमध्ये काकडी-दोडक्याचं बियाणं भरून चुलीवर टांगलेलं असायचं. ते बियाणं फडक्यात बांधलेलं अंबूबाईच्या नजरेला पडलं.

"भोपळं कुटं गेलं गं?"

"उंदरानं कुरतडलं."

"दोनी?"

"दोनी."

अंबूबाईने उंदीर हा शब्द तोंडात घोळवला आणि सोडून दिला. मग तिला दिसायला लागलं. जाऊ भर दुपारी धुण्याला जाते. धुणं थोडं, वेळ फार. अंगावरचं लुगडं ओलं, आणि बुट्टीतलं कोरडं. परत येते तेव्हा डोळे लाल. त्यात भर म्हणून अंबूबाईची म्हैस आटली. डोहात आसरा राहतात, पाण्यातल्या त्या साती बहिणी, आणि भर दुपारी पाण्याशी गेलेल्या बाईला त्या धरतात, हे वाडीतलं पोरही सांगू शकत होतं. अंबूबाईने ते कुणाला सांगितलं नाही. तिने फक्त पाणवठ्यावर विचारलं, "आमच्या झुंबरच्या डोळ्यांकडं बघितलंसा का?" तेवढं पुरलं.

बाया तिच्या घागरीला घागर लागू देईनात. कुणाच्या बारशाला तिला बोलावणं आलं नाही. मग नथू भगत न बोलावता दारात आला. त्याने झुंबरबाईच्या कपाळाला अंगारा लावला, डोळे मिटून मान हलवली आणि सांगितलं, बाईने स्वतःच्या हाताने डोहात हिरवा चुडा आणि हळद सोडायची, आणि दसऱ्यापर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही.

"दसऱ्यापतोर?" झुंबरबाईने विचारलं.

"त्याच्या आदी न्हाई. घातलास, तर त्या तुला सोडनार न्हाईत."

"आन् आमी वाडीत ठेवनार न्हाई." शेवटचं वाक्य भगताचं नव्हतं, ते दारात जमलेल्यांतून कुणीतरी बोललं.

भगत गेल्यावर दत्तोबा खांबाला टेकून बसला. "कुनी धरलंय का तुला?"

"न्हाई."

"मंग दुपारची डोहात काय करतीस?"

"नेम हाय."

"कसला?"

झुंबरबाईने कपाळावरचा अंगारा पदराने पुसला. सांगितलं असतं तर त्याच घटकेला सगळं मिटलं असतं. नेमही मिटला असता. दत्तोबा तिच्याकडे बघत होता. आसरांवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. त्याच्या मनात आलेला संशय वेगळा होता, आणि तो उच्चारायची त्याला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या मागोमाग गेला. वाटेत कुणाच्या पावलांचे ठसे दिसतात का, ते बघत गेला. करंजाच्या बुंध्याआड बसला. थोड्या वेळाने त्याने पाहिलं, आपली बायको काखेत दोन भोपळे बांधून पाण्यात उतरली आहे, पाय आपटते आहे, बुडते आहे, वर येते आहे, आणि नदीला अशा शिव्या घालते आहे ज्या तिने त्याला कधी घातल्या नव्हत्या. आसपास दुसरं कुणी नव्हतं. दर वेळी वर आली की ती आधी पलीकडचा काठ किती लांब राहिला ते बघायची. दत्तोबा ते पुष्कळ वेळ पाहत राहिला. कोंडाजीच्या बोलण्यावर आपण हसलो होतो, ते त्याला तेव्हा आठवलं.

तो पुढे आला. झुंबरबाई मानेएवढ्या पाण्यात थिजली.

"डावा भोपळा सैल बांधतीस," दत्तोबा म्हणाला. "म्हनून गोल फिरतीस. हिकडं ये."

त्याने नेम विचारला नाही. काखेखालची दोरी सोडून नीट आवळली. झुंबरबाईने हात मागे नेऊन ती गाठ ओढून पाहिली.

"माझ्यावर बी इस्वास न्हाई?"

"न्हाई," ती म्हणाली आणि पाण्यात शिरली.

वाडीत दत्तोबाने सांगितलं, की बाईला उन्हाळी लागली आहे, म्हणून पाण्यात बसते. नथू भगताला पुन्हा पाठवू नका. लोकांनी ऐकून घेतलं. मग आसरांनी दोघांनाही धरलं आहे असं म्हणायला लागले.

ज्येष्ठात नदी भरली. खडकांपाशी हाका सुरू झाल्या. यंदा एक गोष्ट नवी होती. कोंडाजी एकटा येत नसे. त्याच्या मागे चार पावलांवर आणखी एक इरलं उभं असे. पावसात पळसाच्या पानांचं ते पाठीवरचं छप्पर डोक्यावरून कमरेपर्यंत आलं, की आतलं माणूस बाई आहे की बाप्या हेही कळत नाही. ते इरलं काही बोलत नसे. कोंडाजीने 'बरी हाय' म्हटलं, की इरल्याखालून एक हात बाहेर येई, हवेत दोनदा हाले आणि आत जाई.

झुंबरबाईला ते कोडं लगेच सुटलं. ती शालूबाई होती, कस्तुराची सासू. गेल्या वर्षीचं खोटं उघडं पडलं, तेव्हा यंदा लेकाने काय बोलावं आणि काय नाही हे बघायला स्वतः येऊन उभी राहते. हात हलवते ती त्याला सांगायला: पुरे, आता चल. म्हणजे यंदा गेल्या वर्षीपेक्षा काहीतरी मोठं झाकायचं आहे. आषाढभर झुंबरबाई त्या इरल्याकडे टक लावून बघायची. तिने कधी उलट हात केला नाही.

श्रावणात लावण्या उरकल्या आणि दोन दिवस उघडीप पडली. नदी उतरली नव्हती, पण वाडीखाली जिथे तिचं पात्र पसरतं, तिथे पाणी मंद झालं होतं. दत्तोबाने गाठी बांधल्या. तो काठाने चालत राहिला आणि झुंबरबाई तिरकी वाहत, पाय मारत पलीकडे सरकत गेली. मध्ये एकदा ती लाटेआड गेली. दत्तोबा गुडघाभर पाण्यात शिरला. मग खूप खालच्या अंगाला, पलीकडच्या निर्गुडीत, तिचं लुगडं दिसलं.

शालूबाई ओसरीवर नाचणी पाखडत होती. दारात निथळणारी बाई, काखेत भोपळे, गुडघ्याला खरचटलेलं. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"कोन गेलं?" तिने विचारलं. श्रावणात नदी ओलांडून कुणी आलंच, तर ते मरणाच्या निरोपासाठी.

"कुनी न्हाई. लेकीला बघाया आले."

"नदीतनं?"

"नदीतनंच."

शालूबाईचा चेहरा हळूहळू कठीण झाला. "आमी तिला मारून पुरली म्हनून?"

 इतक्यात भुरभुर सुरू झाली आणि शेताकडून इरलं आलं, ओसरीशी थांबलं, पाठीवरून उतरलं. आतून कस्तुरा निघाली. अंगाने भरलेली, केस परत आलेले, गुडघ्यापर्यंत चिखल.

"आये, तू?" मग आईच्या काखेतल्या भोपळ्यांकडे बघून तिला हसू आलं, आणि हसता हसता ते थांबलं. "मी बरी हाय, हे दिसत न्हवतं व्हय तुला? दर बारीला समोर तर उभी असते."

"कुटं उभी?"

"भावजींच्या मागं. ते असताना मला वरडता येतंय व्हय? म्हनून हात करते. तू एकदा बी हात वर केला न्हाईस. मला वाटलं, रागावलीस. ताप लपिवला म्हनून."

झुंबरबाई ओसरीच्या कडेला बसली. लुगड्याचं पाणी मातीवर उतरत होतं. सून म्हणून तिने स्वतःही कधी थोरल्या दिरासमोर आवाज चढवला नव्हता. तिला हे कळायला हवं होतं. आषाढभर ज्या हातावर ती दात धरून होती, तो हात आता तिच्या खरचटलेल्या गुडघ्यावर हळद दाबत होता.

कोंडाजी संध्याकाळी आला. त्याने आधी नदीकडे, मग झुंबरबाईकडे पाहिलं.

"मावशे, प्यालात का मंग?"

"थोडी प्याले," झुंबरबाई म्हणाली. "गढूळ हाय."

शालूबाई तेवढी हसली नाही. तिने विहिणीला कोरडं लुगडं दिलं, वरण-भात वाढला, पाणी पुन्हा मंद होईपर्यंत ठेवून घेतलं. पण पुढे कितीतरी वर्षं कामशेतच्या बाजारात ती सांगत राही, की विहीण नदी पोहून आली ती पाहुणी म्हणून नव्हे, तपासायला आली. ते खोटं नव्हतं, म्हणून झुंबरबाईने त्यावर कधी तोंड उघडलं नाही. अंबूबाई अखेरपर्यंत आसरांनीच पार नेलं असं म्हणत राहिली.

पुढच्या पाडव्याला दत्तोबाने विचारलं, "यंदा काय?" झुंबरबाई म्हणाली, यंदा काहीच नाही. दत्तोबाला ते खरं वाटलं नाही. त्याने उन्हाळाभर तिच्या बुट्टीवर नजर ठेवली. तिला मात्र पावसाळ्यात एक नवी सवय लागली. पलीकडे कुठलंही इरलं दिसलं, गुराख्याचं का असेना, की ती दोन्ही हात वर करायची. एखादा गुराखी गोंधळून हात करी. बहुतेक जण करत नसत.

सन त्रेचाळीसच्या भाद्रपदात ती अंथरुणाला लागली. तोवर मधल्या ओढ्यांवर मोऱ्यांचे पूल झाले होते. कस्तुरा लांबच्या वाटेने बैलगाडी करून आली. लेकराबाळांची झालेली, कानशिलावर पांढरी. तिने आईला उठवून टेकवलं आणि पेजेचा चमचा ओठांशी धरला. झुंबरबाईने एक घोट घेतला, लेकीच्या भिजलेल्या पदराकडे आणि मग दाराकडे बघितलं.

"घरी सांगून आलीस न्हवं?" तिने विचारलं. "पल्याड कुनी काठावर वाट बघत उभं ऱ्हायला नगं."