गळ्यातली माळ आणि बॅगेतल्या गोळ्या

"गोळ्या कसल्या घेतोस?" डॉक्टरांनी विचारलं. माझ्या तोंडाकडे ते बघतही नव्हते. शर्ट वर करून पाठीवरचे फोड बघत होते.

आय मागेच उभी होती. मी म्हटलं, "कसल्याच नाही." डॉक्टरांनी तिला केसपेपरवर शिक्का मारून आणायला खाली पाठवलं, दार लावलं आणि खुर्ची ओढून समोर बसले. "आता सांग. तुझी कावीळ पाण्याची नाही, खाण्याची नाही. पाठभर फोड, छातीत गाठी, आणि बाकी सगळे रिपोर्ट साफ. मी हे पहिल्यांदा बघत नाहीये."

ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलात हा माझा पाचवा दिवस होता, आणि खरं पहिल्यांदाच बोललो. वय वीस. कॉलेजकडून साडेसदुसष्ट किलो गटात वेटलिफ्टिंग करायचो, आणि चार महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खात होतो.

"ह्याला कोलेस्टॅसिस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. म्हणजे लिव्हरमधलं पित्त आतड्यात उतरत नाही, तिथेच तुंबतं आणि रक्तात मिसळतं. मग डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, आणि खाज. खाजेबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्या. मी पायांना काथ्या घासायचो, रक्त येईपर्यंत. तुमच्या घरात कोणी असं खाजवत असेल तर साबण बदलू नका, रक्त तपासा.

"औषध मी देतो," डॉक्टर उठताना म्हणाले. "आईला तू सांगायचंस. ते काम तुझं."

ते काम मला का जमत नव्हतं, ते कळायला थोडं मागचं सांगतो. आम्ही ठाण्याच्या खाडीकाठच्या बाळकुमचे कोळी. मी सातवीत असताना बाप गेला. आय खाडीचं मावरं, म्हणजे मासळी, ठाण्याच्या बाजारात विकायची. बोय, कोळंबी, चिंबोऱ्या. पोराला पर्मनंट नोकरी लागावी, त्याने चिखलात उतरू नये, एवढंच तिचं मागणं. अभ्यासाच्या जोरावर ती लागणार नव्हती, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. कॉलेजच्या खेळाच्या सरांनी सांगितलेलं, "युनिव्हर्सिटीचं मेडल आण, स्पोर्ट्स कोट्यातनं कुठेतरी चिकटवतो." आय ते बाजारभर सांगत सुटलेली. आणि मी दोन्ही वर्षं चौथा आलेलो. चौथ्याला कोणी विचारत नाही.

गोळ्या बबनने दिल्या. तो असाच कोट्यातनं नोकरीला लागलेला, शीळफाट्यापलीकडच्या मानपाड्याच्या एका व्यायामशाळेत दर रविवारी पोरांना शिकवायचा. मी शीळफाट्याला बस बदलून जायचो. "अरे, सगळेच खातात रे," तो म्हणाला. "टेन्शन नको घेऊ." नाही घेतलं. दोन महिन्यांत दांडा हलका लागायला लागला. सर खूश. आय तर काय, माझे दंड चाचपून शेजारणीला सांगायची, "माज्या मावऱ्याचा जोर हाय तो." मी हसायचो.

डोळे पहिले तिलाच दिसले. "तुजे डोले पिवले दिसतान रे."

आमच्याकडे कावीळ म्हटली की आधी माळ, डॉक्टर नंतर. शेजारच्या गावातला एक म्हातारा कसल्याशा झाडाच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून द्यायचा. ती माळ सुरुवातीला डोक्यावर बसेल एवढीच असते. मग वाढत वाढत गळ्यात येते, छातीवर येते. माळ वाढली की कावीळ उतरली. माझी मस्त वाढत होती. मी रोज आरशात ती बघायचो आणि बॅगेतून गोळी काढून खायचो. स्पर्धा तीन आठवड्यांवर होती ना. माळ वाढतेय म्हणजे कावीळ उतरतेय, म्हणजे गोळ्यांचा काही संबंध नाही. असली अक्कल चालवायला कॉलेजात जावं लागतं. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात, खुंटीला टांगली तरी माळ वाढते, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

माळ बेंबीपर्यंत आली त्या दिवशी आयने देवीला नारळ फोडला. चौथ्या दिवशी मी दांड्याजवळ वाकलो तो तिथेच पडलो.

हॉस्पिटलात रोज रक्त काढायचे. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य, एकच्या आसपास असावं, ते माझं बावीस. ऑस्ट्रेलिया अँटिजेन नावाची टेस्ट केली. रक्तातून लागणारी कावीळ तीत कळते. निगेटिव्ह. सोनोग्राफीसाठी दुसरीकडे नेलं, बाकड्यावर आयच्या खांद्याला टेकून अर्धा दिवस काढला. पित्ताचा खडा नव्हता. दर रिपोर्टला आय विचारायची, "काय निगाला?" काही नाही म्हटलं की मान खाली घालायची. "म्हंजे मावराच."

कारण तिने मनाशी ठरवूनच टाकलेलं. त्या वर्षांत खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलेलं, मासळीला मधूनच रॉकेलसारखा वास यायचा. पोराला आपणच विष भरवलं, असं तिने धरलं. मासळीची पाटी उपडी घातली. बाजारात जाऊन रोजच्या गिऱ्हाइकांना सांगून आली, "खाडीचा मावरा घेव नको, माज्या पोराला बाधला." वीस वर्षं बांधलेलं गिऱ्हाईक होतं ते. हे तिने मला कॉटशेजारी बसून सांगितलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. त्याची लाज आजही वाटते.

डॉक्टरांनी सांगितल्यावरही दोन दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दुपारी ती पेज भरवत होती. मी म्हटलं, "आय, मावऱ्यानं नाय झाला. गोल्यांनी झाला. मीच खात होतो."

कसल्या, कोणी दिल्या, कधीपासून, सगळं विचारलं. वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता मारते. ती म्हणाली, "म्हंजे माजा मावरा चांगला होता?"

"हो."

ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बाप गेला तेव्हाही तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

गोळ्या बंद झाल्या. खाज दीड महिन्याने गेली, डोळे तीन महिन्यांनी पांढरे झाले. स्पर्धा गेली. सरांनी घरी येऊन, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं असं माझ्याकडून लिहून घेतलं. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

चालता येऊ लागल्यावर आयची पाटी घेऊन मी तिच्याबरोबर बाजारात गेलो. कोणी घेईना. "अगं, तूच नको म्हणालीस ना?" एक नौपाड्याच्या शिक्षिका होत्या, जुनं गिऱ्हाईक, त्यांनी विचारलं. आय म्हणाली, "आता खाडी बरी हाय, बाय." माझं नाव घेतलं नाही. मग मीच उठलो. "मासळीने नाही झालं, बाई. मेडलसाठी मी औषधं खाल्ली, त्याने झालं." त्या माझ्याकडे वळल्या. "मग इतके दिवस हिला का बोलू दिलंस रे?" मी पाटीवरचं फडकं बाजूला केलं. त्यांनी कोळंबीचा एक वाटा घेतला. आठवडाभर तिथे बसून मी प्रत्येकाला तेच सांगितलं. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं, सगळं नाही.

डॉक्टर एका मिनिटात आयला सांगू शकले असते. त्यांनी ते माझ्यावर ठेवलं, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. तुमच्या पोराचं अंग अचानक भरलं तर कौतुकाआधी बॅग बघा. आणि पोरांनो, तुम्ही गप्प बसाल तेव्हा घरात कोण स्वतःला दोष देत बसलंय, ते बघा.

चौथ्या महिन्यात रिपोर्ट साफ आला, पथ्य सुटलं. आयने बोयचं कालवण केलं. ताट वाढलं, समोर बसली, आणि मी पहिला घास उचलला तेव्हा माझा हात धरला. "बाधनार नाय ना रे?"

त्यानंतर आय बरीच वर्षं जगली. मावरं वाढलं की हेच विचारायची.