उरलेला डावा गाल

पोस्टिंगचा आदेश सप्टेंबरमध्ये आला. ताबारेषेवरची पोस्ट, उंची साडेदहा हजार फूट, हिवाळ्यात चार महिने रस्ता बंद. वर जायला सहा आठवडे होते. त्यातले वीस दिवस सुट्टी मिळाली.

मी दौंड तालुक्यातल्या खुटबावचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी ऊस लावला. सदाशिव राऊत शिरूरचा. तो पलटणीचा बार्बर. कागदावर ट्रेड्समन, पण पोस्टवर तो स्ट्रेचरही उचलायचा आणि सेंट्री ड्यूटीही करायचा. त्या पोस्टवर त्याने आधी एक हिवाळा काढला होता. सुट्टीवर येताना दौंड स्टेशनवर उतरलो तेव्हा त्याने विषय काढला.

"ठोंबरे, वर ब्लेडं फेब्रुवारीत संपत्यात. मेजरसाहेब रोज दाढी तपासत्यात. वस्तरा घे."

"तू हायेस की."

"अडतीस माणसं हायेत. आन् डॉक्टरचा हुकूम हाय, एकाचा वस्तरा दुसऱ्याला लावायचा न्हाई. माझ्याकडं आबांचा हाय. तुझा तू बघ."

आबा म्हणजे त्याचे वडील. शिरूरमध्ये त्यांचं दाढी-कटिंगचं दुकान होतं.

चार दिवसांनी मी शिरूरला गेलो आणि सदाला बरोबर घेतलं. बाजारपेठेत कात्र्या आणि अडकित्ते विकणारं एक जुनं दुकान होतं. मालकाने वस्तऱ्यांचा ट्रे पुढे ठेवला. पांढऱ्या मुठीचा, लखलखीत वस्तरा मी उचलला.

"लग्नात मिरवायचाय का?" सदाने विचारलं आणि तो माझ्या हातातून काढून घेतला.

त्याची तपासणी ठरलेली होती. वस्तरा हळू मिटायचा; पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसलं पाहिजे, कडेला घासता कामा नये. उघडून हलवायचा, खिळीत खेळ नको. मग काउंटरच्या काचेवर आडवा ठेवायचा. पाठ आणि धार दोन्ही टोकापासून टोकापर्यंत काचेला टेकल्या पाहिजेत. खालून उजेड दिसला तर पातं वाकडं. माझा पांढरा वस्तरा इथेच बाद झाला. त्याच्यामागून आणखी सहा.

"राऊत, तुमच्या आबांनीबी माझा असाच ट्रे उपसला व्हता," मालक म्हणाले.

"मग त्यो वस्तरा अजून चालतोय का न्हाई?"

"चालतोय की."

"मंग?"

आठवा वस्तरा शिंगाच्या मुठीचा होता. मुठीला चीर, पात्यावर काळे डाग. सदाने तो दोनदा काचेवर ठेवला आणि मला दिला.

"ह्यो? गंजलाय ह्यो."

"डाग पाठीला हायेत. धारेला न्हाईत. धारेला डाग पडला की वस्तरा मेला. घे."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वर पोहोचलो. शिकायला सुरुवात केली ती दाढीपासून नव्हे, पट्ट्यापासून. वस्तऱ्याची धार रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून जागी करावी लागते. सदाने एकदा करून दाखवलं आणि तो पाणी तापवायला गेला. तेवढ्यात मी माझा नवा पट्टा मधोमध कापला.

कारण साधं होतं. आमच्या घरी मेंढरं कातरायची कातर दगडावर लावतात, ती धार पुढे ढकलून. हाताला तेच वळण होतं. दगडावर धार पुढे चालते. चामड्यावर पाठ पुढे जाते आणि धार मागून ओढली जाते. सदाने पट्ट्याची चीर बोट घालून मोजली.

"चांगली चार बोटं हाय. मेंढरू समजलास व्हय त्याला?"

दुसरा पट्टा मिळणार नव्हता. खेचरांची शेवटची फेरी होऊन गेली होती. त्यामुळे रोज सकाळी माझा वस्तरा सदाच्या पट्ट्यावर लागू लागला. मी एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, नंबर वन होतो. बदली माणूस येईपर्यंत मला गन सोडता येत नसे. म्हणून सदाच स्वतःचा पट्टा घेऊन माझ्या बंकरकडे यायचा. मधल्या ट्रेंचमध्ये तीस पावलं उघड्यावरची होती. नंबर टू लोंढे लूपहोलमधून बाहेर नजर ठेवायचा, तेवढ्या वेळात माझी दाढी. येण्याआधी सदाची स्वतःची दाढी झालेली असायची. बार्बरने आधी आपली करायची, हा त्याचा नियम होता.

तीस अंशात पातं धरायचं. कातडं वर ताणायचं, म्हणजे पात्याच्या उलट दिशेने. दाब द्यायचा नाही, वस्तऱ्याच्या वजनाने जाऊ द्यायचं. हनुवटीवर थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढे. पहिल्या आठवड्यात मी स्वतःला अकरा ठिकाणी कापलं. जानेवारीपर्यंत एकही नाही. फेब्रुवारीत ब्लेडं संपली तेव्हा पोस्टवर नऊ जण वस्तऱ्याने दाढी करत होते.

पलीकडच्यांना आमची वेळ कळली होती. पाणी तापवल्याचा धूर दिसत असावा. मार्चपासून सकाळी सातच्या सुमारास मॉर्टरचे गोळे येऊ लागले. सुभेदारसाहेबांनी दाढीची वेळ बदलण्याचं सुचवलं. मेजरसाहेबांनी नकार दिला.

"वेळ तीच राहील. आपण दाढी कधी करायची ते त्यांनी ठरवायचं नाही."

या हुकमावर पोस्टवर कोणाची तक्रार नव्हती. माझीही नव्हती. आजही नाही.

एप्रिलमधली ती सकाळ स्वच्छ होती. सहा पंचावन्नला सदा आला. वस्तरा पट्ट्यावर लागला, उजवा गाल झाला. सात वाजून दोन मिनिटांनी पहिला गोळा खाली नाल्यात पडला. सदा बंकरच्या तोंडाशी बसला होता.

"वस्तरा मिट," तो म्हणाला.

मी मिटला. दुसरा गोळा सात पाचला ट्रेंचच्या कडेवर पडला.

लोंढेने वायरलेस सेट उचलला. "अल्फा, अल्फा, धिस इज फोर. डायरेक्ट हिट. टू कॅज्युअल्टी. ओव्हर."

"फोर, नावं सांग. ओव्हर."

"ठोंबरे, उजवा हात. राऊत..." लोंढे थांबला. "राऊत नो मोर. ओव्हर."

"फोर, रॉजर. गनवर कोण आहे?"

"मी आहे. आउट."

माझा पट्टा शाबूत असता तर सदाला त्या वेळी त्या जागी बसायचं कारण नव्हतं. ही वस्तुस्थिती आहे आणि ती मी लपवत नाही.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. वस्तरा मिटलेला होता, म्हणून तळहात वाचला. बेस हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आलो तेव्हा अर्धी दाढी तशीच होती. वॉर्डचा न्हावी आला, त्याला मी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी नर्सिंग ऑफिसर मॅडम आल्या. मी माझ्या किटमधला वस्तरा मागितला.

"ठोंबरे, ये जिद है या इलाज?"

"दोनों, मॅडम."

त्यांनी अटी घातल्या. वस्तरा त्यांच्या कपाटात राहील. सकाळी सहा ते साडेसहा, त्यांच्या टेबलासमोर. पहिले दहा दिवस चेहरा नाही. त्यांनी एक रबरी हातमोजा फुगवून दिला. त्यावर फेस लावायचा आणि डाव्या हाताने वस्तरा फिरवायचा. पहिल्या दिवशी चार हातमोजे फुटले. वॉर्डातल्या एका जाट हवालदाराने रोज फुटलेल्यांचा आकडा मोठ्याने जाहीर करायचं काम घेतलं. दहाव्या दिवशी त्याला जाहीर करायला काही उरलं नाही.

अकराव्या दिवशी गाल. उरलेला गाल डावा होता, उरलेला हातही डावा. पंचवीस मिनिटं लागली. कापलं नाही.

मेडिकल बोर्डसमोर प्रश्न एकच होता, ठेवायचं की घरी पाठवायचं. मला घरी जायचं नव्हतं. कर्नलसाहेबांनी कागद वाचला.

"राइट हँड ग्रिप?"

"निल, सर."

"फिर पलटन में क्या करोगे?"

"सर, मेरा चेहरा देखिए."

ते टेबलाला वळसा घालून आले. बोटांची मागची बाजू माझ्या गालावरून खालून वर, केसांच्या उलट दिशेने फिरवली.

"किसने की?"

"मैंने, सर. उस्तरे से. बाएँ हाथ से."

ते जागेवर जाऊन बसले आणि क्लार्ककडे न बघता म्हणाले, "लिखो. रिटेन. पलटन में रहेगा."

त्यानंतर मी नऊ वर्षं सेवा केली आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो.

सदाचा वस्तरा त्याच्या किटबरोबर शिरूरला पोहोचला होता. शहिदांच्या सन्मानाच्या एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी तो काचेच्या पेटीत, सदाच्या फोटोखाली, हार घालून ठेवायचं ठरवलं. ते मागायला आले तेव्हा मी आबांच्या दुकानात होतो. दुकान आता धाकटा मुलगा चालवतो. तिथे सगळ्यांना अर्ध्या ब्लेडचा, दरवेळी पातं बदलायचा वस्तरा लागतो. कारेगावला कंपनीत जाणाऱ्या पोरांना थांबायला वेळ नसतो.

"आबा, सन्मानानं ठेवू की आम्ही," त्यातला एक म्हणाला.

"पेटीत ठिवला की महिन्यात धारेला डाग पडतोय," आबा म्हणाले. "आन् मंग तुम्ही हार कशाला घालणार? मेलेल्या वस्तऱ्याला? न्हाई द्यायचा."

ते गेल्यावर आबा खुर्चीत बसले आणि वस्तरा माझ्यापुढे धरला. सदा गेल्यापासून त्यांनी दाढीला कोणाचा हात लागू दिला नव्हता.

"डावरा हाय मी, आबा."

"ठाव हाय. पट्टा कापू नकोस म्हंजी झालं."

पट्ट्याची गोष्ट सदाने पत्रात लिहिली होती. ते मला तेव्हा कळलं.

मी पाठ पुढे ठेवून वस्तरा वीस वेळा ओढला. पंधरा मिनिटांत दाढी झाली. आबांनी आरशात बघितलं नाही, हाताने तपासलं.

"येत जा," ते म्हणाले.

मी दर महिन्याला जातो. वस्तऱ्याला डाग नाही.

सदाशिव राऊत, बार्बर, वय एकोणतीस. वेळ सात वाजून पाच मिनिटं. त्याची दाढी झालेली होती.