उशीतल्या चपात्या

रहाटणीतल्या त्या दोन खोल्यांत दुपारी फक्त फोन बोलायचा. पडद्यातून पिवळट ऊन आत यायचं, आणि मुलं सांभाळायला शिकवणाऱ्या ॲपमधल्या बाईचा मऊ आवाज सांगायचा, "मूल गप्प असेल तर तुम्हीही थोडा वेळ गप्प बसा." जयमालाबाई मूळच्या औशाकडच्या. वाचताना अडखळत, म्हणून लेकरं सांभाळायला देणाऱ्या संस्थेच्या करिष्मानं त्यांना ऐकायचे धडे लावून दिले होते. त्या आवाजाला त्या चक्क उत्तर द्यायच्या, "बसते की बाई."

शेजारी सात वर्षांची स्वरूपा पेंगत असायची. तिची आई रंभा लांबलेल्या आजारपणात दवाखान्यात होती. घरचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती बरी होईपर्यंत बालकल्याण समितीनं पोरीला इथं सोपवलं होतं. जयमालाबाईंना आणि तळवड्याच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला, ज्योतीरामना, स्वतःचं मूल नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात उशीचा अभ्रा काढताना चार वाळक्या चपात्या खाली पडल्या.

"कशाला लपवायलीस गं? माझ्या घरात काय कमी हाय?" जयमालाबाईंचा आवाज चढला. स्वरूपा भिंतीला चिकटून बसली. त्या दिवशी जेवलीच नाही.

ॲपवर त्यांच्यासारखीच दुसऱ्यांची लेकरं सांभाळणाऱ्या बायांचा गट होता. त्यात त्यांनी पहिल्यांदाच बोलून निरोप टाकला, "मला कळना गेलंय. माझ्या हातचं तिला पुरंना का?"

आकुर्डीच्या रहमतबींचं उत्तर आलं. "ताई, उद्या मिळेल का नाही, याची भीती असते लेकरांना. माझ्याकडचा बुटात बिस्किटं ठेवायचा, आठ महिने. तिला तिचा डबा द्या. तिच्यासमोर भरा. किती उरलं ते विचारू नका."

जयमालाबाईंनी ते तीनदा ऐकलं. मग खालच्या फळीवर एक डबा ठेवला, त्यात चपात्या आणि गूळ भरला. "हा तुझा. मी वरडले, चुकलं माझं."

स्वरूपानं डबा उघडून पाहिला आणि झाकण घट्ट लावलं. दिवस सावकाश सैल होत गेले. एकदा दुपारी डोळे मिटूनच ती ॲपमधल्या बाईच्या सुरात म्हणाली, "आता एक खोल श्वास घ्या," आणि दोघी हसत सुटल्या.

दिवाळीनंतर रंभा दवाखान्यातून सुटली आणि दर रविवारी लेकीला भेटायला येऊ लागली. गच्चीवरच्या कोवळ्या उन्हात ती पाहुण्यासारखी कडेला बसायची. स्वरूपा मात्र धावत जयमालाबाईंच्या मांडीवर. पहिल्या रविवारी जयमालाबाईंना ते फार गोड वाटलं. दुसऱ्या रविवारी त्यांनी रंभाचे हात पाहिले. रिकामे, ओढणीचं टोक गुंडाळत बसलेले.

"ये, जवळ सरक," त्या म्हणाल्या आणि फोन दोघींच्या मध्ये ठेवला.

"हे काय, ताई?"

"मी ह्या ॲपमधल्या बाईकडून शिकले. तू बी ऐक."

तो आवाज बोलत राहिला. वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या, दूर कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला. दोघी बाया एकमेकींकडं न बघता ऐकत होत्या. मधेच स्वरूपाला झोप लागली, तिचं डोकं एकीच्या मांडीवर, पाय दुसरीच्या.

जूनमध्ये रंभा पुरती बरी झाली आणि समितीच्या परवानगीनं पोरीला घेऊन गेली. जयमालाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. रंभाचा बोललेला निरोप होता, "ताई, ही रुसून बसलीय. मीपण गप्पच बसलेय शेजारी. अजून किती वेळ बसू?"

जयमालाबाईंनी पदर सावरला, फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या, "बस गं निवांत."