तिसऱ्या वळणावरचा झेंडेवाला

पुण्याच्या कंपनीच्या नव्या गाड्या तपासायला मी दिल्लीजवळच्या रेस ट्रॅकवर जातो. तिथे तिसऱ्या वळणावर झेंडा घेऊन उभ्या असणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. जगभरचे ड्रायव्हर इथे शर्यतीला यायचे, तेव्हापासून तो आहे. त्या शर्यती थांबल्या, कडेचं गवत वाढलं, तरी रोज सकाळी तो मान खाली घालून सगळा ट्रॅक पायी फिरतो. बोलताना मधेच थांबतो आणि गवताकडे बघत राहतो.

एकदा मी दोनशेच्या वेगात असताना त्याने लाल झेंडा दाखवला. रस्ता तर मोकळा होता. मी वैतागून उतरलो. वॉकीटॉकीवर ट्रॅकचे साहेब त्याला झापत होते. तो मला एवढंच म्हणाला, "सर, खुर के निशान ताज़े हैं. अंदर गई है, बाहर नहीं निकली."

वीस मिनिटांनी गवतातून एक नीलगाय उसळली आणि ट्रॅक ओलांडून गेली. आभार मानायला मी त्याचा हात धरला, तरी त्याची नजर गवतावरच होती.

"आज दिख गई, सर," तो म्हणाला. "रोज़ थोड़े ही दिखती है."