बासष्ट कंटेनर, नव्वद जागा

साहेबाने माझ्या हातात मार्कर दिला आणि म्हणाला, "काका, सोडवून दाखवा."

ऑफिसात सातआठ जण. सगळे हसायच्या तयारीत. फळ्यावर त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. वर, एक्स अधिक वाय बरोबर बासष्ट. खाली, एक्स अधिक दोन वाय बरोबर नव्वद. एक्स म्हणजे शिंगल, वाय म्हणजे डबल, हे बोलला होता. आकडे मला येतात. अक्षरं इंग्रजी. मी तिसरी शिकलेला, वय सदुसष्ट. मार्कर धरून उभा राहिलो. हलता येईना.

माझा गुन्हा काय ते सांगतो.

जासईकडच्या एका कंटेनर यार्डात मी बारा वर्षं टॅली करतो. मालगाडी भरताना कंटेनर मोजायचे. वीस फुटी तो शिंगल. चाळीस फुटी तो डबल, तो गाडीवर दोन शिंगलची जागा खातो. आज नव्वदच्या नव्वद जागा भरल्या होत्या. कंटेनर बासष्ट. साहेबाने कागद काढला, त्यात रकाने उलटे भरलेले. मी म्हणालो, "साहेब, कागद उलटा झालाय. डबल अठ्ठावीस हायेत. शिंगल चौतीस."

एवढंच बोललो. पण चारचौघांत बोललो. साहेब उलव्याच्या टॉवरमध्ये राहणारा, वय तिशीच्या आत. शिक्षण किती, त्याने विचारलं. मी खरं सांगितलं. मग म्हणाला, अच्छा, आता तिसरी पास आम्हाला सिस्टीम शिकवणार. आणि फळ्याकडे वळला.

मी बोलून सांगत होतो. सगळे शिंगल धरा. बासष्ट कंटेनर, बासष्ट जागा. पण भरल्या नव्वद. वरच्या अठ्ठावीस कोणी खाल्ल्या? डबलनेच. दर डबलमागे एक जागा जादा. तो ऐकेना. मेथड लिहा, म्हणाला.

मेथड.

माझी आई मिठागरावर मीठ वाहायची. बाया डोक्यावर एक टोपली, बाप्ये कावडीला दोन. माणसं किती, टोपल्या किती, एवढं कानावर पडलं की ती चालता चालता सांगायची, बाया इतक्या, बाप्ये इतके. मुकादम वही उघडून तेच सांगायचा, पण मागाहून. मिठागर गेलं, त्याच जागी हे यार्ड आलं. रीत माझ्याजवळ राहिली.

शेवटी वॉचमनला गाडीच्या कडेने चालत मोजायला पाठवलं. घामाघूम होऊन आला. डबल अठ्ठावीस, शिंगल चौतीस.

आता कोणी हसलं नाही. साहेबाने कागद फाडला, नवा काढला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुक्का लागला काकांचा." मग माझ्यापुढे फडकं टाकलं. फळा पुसा. आणि उद्यापासून टॅलीवर बारावी पास मुलगा येईल, तुम्ही झाडूकामाला लागा.

फडकं मी उचललं. खोटं कशाला सांगू. जन्मभर उचलत आलो. हात फळ्यापर्यंत गेला, आणि त्या दोन ओळी अगदी डोळ्यांसमोर आल्या. एक्स दोन्हीकडे तेवढाच. वाय वर एक, खाली दोन. नव्वदातून बासष्ट काढले की एक्स जातो, एकटा वाय उरतो. अठ्ठावीस.

अरे, ही तर आईचीच वजाबाकी.

हेच शिकायला हे साहेबलोक कॉलेजात गेले. वर अक्षरं लावली आणि दार लावून घेतलं. आणि आम्ही मूर्ख, बाहेर चपला काढून उभे. वाटायचं, आत काहीतरी आपल्या बुद्धीपलीकडचं चाललंय.

टाळकं सणकलं. फडकं साहेबाच्या टेबलावर ठेवलं. मार्कर घेतला आणि ओळींखाली वाकडातिकडा अठ्ठावीस लिहिला.

"पुसनार नाय," मी म्हणालो. "तुक्का कोनाला म्हंता? माजे आयशीची रीत हाय ती."

साहेब म्हणाला, झाडू धरायचा नसेल तर उद्या यायचं नाही.

मी उद्या जाणार. झाडू धरणार नाही. टॅलीच्या जागेवर उभा राहणार. परवाही, तेरवाही. मला काढायचं असेल तर कागदावर काढा. बारा वर्षांत माझा कोणता आकडा चुकला, तो त्यात लिहा. खाली स्वतःच्या नावाने सही करा. ती सही होत नाही तोवर मी जागेवरून हलत नाही.